हळदीचे गोदाम आणि वादळाचा विमा

प्रश्न : वसमतला माझे पत्र्याचे हळदीचे गोदाम आहे. आगीचा विमा आहे. पण वादळात पत्रे उडून माल भिजला, तर भरपाई मिळेल का? – एक व्यापारी, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : बहुधा मिळेल, पण पॉलिसीचे नाव बघा. एका ठिकाणच्या मालमत्तेची किंमत पाच कोटींपर्यंत असेल, तर 1 एप्रिल 2021 पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते. तिच्यात आगीबरोबर वादळ, चक्रीवादळ आणि पूरही येतो. पॉलिसी वेगळी असेल, तर वादळ-पुराचे संरक्षण वगळलेले नाही ना, हे वाचून घ्या.

खरी गोम रकमेत आहे. हळदीची आवक आणि अवकाळी वादळे साधारण एकाच हंगामात येतात. नेमके तेव्हाच गोदाम भरलेले असते. माल एक कोटीचा, विमा साठ लाखांचा आणि नुकसान दहा लाखांचे असेल, तर विमा साठ टक्क्यांचाच असल्याने हाती त्याच प्रमाणात, म्हणजे सहाच लाखांच्या आसपास येतील. ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत विमा रकमेतली 15 टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. हप्ता वाचवायला माल कमी दाखवणे हा आतबट्ट्याचाच व्यवहार.

शेतकऱ्यांचा माल ठेवत असाल, तर तो पॉलिसीत स्वतंत्र नोंदवा. उघड्यावरच्या पोत्यांचेही तसेच. गंजक्या पत्र्यातून नेहमी गळणारे पाणी म्हणजे वादळ नव्हे, तो दावा टिकणार नाही.

नुकसान झाल्यास कंपनीला लगेच कळवा, फोटो काढा, सर्वेक्षक येईपर्यंत भिजलेला माल विकू नका. साठ्याची नोंदवही मात्र गोदामात ठेवू नका.