इंग्रजीच्या वर्गाची निवड

प्रस्तावना

लखनौच्या उत्तर भागात जानकीपुरम ही मोठी वसाहत आहे. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रविद्यापीठ याच भागात आहे. पतीच्या बदलीमुळे लातूरहून येथे आलेल्या एका मराठी गृहिणीची कल्पना करू या. मुक्त विद्यालयातून ती बारावी उत्तीर्ण झाली आहे. हिंदी तिला बोलता येते. परंतु मुलीच्या शाळेतून आलेले इंग्रजी पत्र वाचताना ती अडखळते. एखाद्या रुग्णालयाच्या स्वागतकक्षात काम मिळवावे, अशी तिची इच्छा आहे. शिवणकामातून तिने चार हजार रुपये साठवले आहेत. 'तीन महिन्यांत अस्खलित इंग्रजी. आजच पूर्ण शुल्क भरा व सवलत मिळवा', असे पत्रक तिच्या हाती पडते. तिने पैसे भरावेत काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची रीत या पाठात पाहू.

१. प्रयोजन निश्चित करणे

इंग्रजी कशासाठी शिकायचे, हे आधी ठरवावे. संभाषण, कार्यालयीन पत्रलेखन, स्पर्धा परीक्षा आणि साहित्याचा अभ्यास ही चार निरनिराळी प्रयोजने आहेत. पदवी स्तरावर इंग्रजी हा विषय घेतल्यास मुख्यतः काव्य, नाटक, कादंबरी यांचा अभ्यास करावा लागतो. इंग्रजी येते असे गृहीत धरूनच तो शिकवला जातो. ज्याला बोलण्याचा सराव हवा आहे, त्याने साहित्याच्या वर्गात नाव घातले तर कष्ट होतात, पण हेतू साधत नाही. म्हणून या गृहिणीला संभाषण व व्यवहारोपयोगी लेखन शिकवणारा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम हवा.

२. आपली पातळी ओळखणे

युरोप परिषदेने २००१ साली भाषाज्ञानाची सहा पातळ्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. ए-१ ही तिची पहिली आणि सी-२ ही शेवटची पायरी होय. स्वतःचे नाव, पत्ता व कुटुंब यांविषयी साधी वाक्ये बोलता येणे ही ए-१ची खूण आहे. परिचित विषयावर सलग बोलता येऊ लागले की बी-१ ही पातळी गाठली असे समजतात. चांगला वर्ग प्रवेशापूर्वी छोटी चाचणी घेतो. चाचणी न घेता सर्वांना एकाच वर्गात बसवले, तर कोणाला पाठ फार सोपा वाटतो आणि कोणाला तो कळतच नाही.

३. संस्थेची पारख

संस्था घराजवळ आहे, एवढ्यावरून निवड करू नये. लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर जानकीपुरममध्ये असला, तरी इंग्रजीचा विभाग गोमतीकाठच्या मुख्य परिसरात आहे. हैदराबाद येथील इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठाचाही एक परिसर लखनौ शहरात आहे. ज्यांना रोज घराबाहेर पडणे शक्य नसते, त्यांच्यासाठी १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची सोय आहे. केंद्र शासनाच्या 'स्वयं' या संकेतस्थळावर इंग्रजीचे अभ्यासक्रम विनाशुल्क शिकता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरावे लागते.

विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ नुसार पदवी देण्याचा अधिकार ठरावीक संस्थांनाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग प्रसिद्ध करतो. ती अवश्य पाहावी. खाजगी शिकवणीचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

४. प्रवेश घेताना

अर्जात लिहिलेले नाव व जन्मतारीख गुणपत्रिकेशी जुळते की नाही, हे तपासावे. महाविद्यालयाने मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यावीत, ती अडवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ साली कळवले आहे. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत देण्याचे टप्पेही त्याच वेळी ठरवून दिले. खाजगी शिकवणी वर्गांना हे नियम लागू नाहीत. तेथे पैसे भरण्यापूर्वीच परताव्याची अट लेखी घ्यावी व पावती जपून ठेवावी.

एक उदाहरण

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्या पंचवीस वर्षांच्या होत्या आणि सोबत लहान मुलगी होती. संस्कृतवर त्यांचे प्रभुत्व होते. तरीही वाँटेज येथे राहून त्यांनी इंग्रजी शिकण्याचे कष्ट घेतले. पुढे चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात त्या स्वतः शिकत असतानाच इतरांना संस्कृतही शिकवीत. १८८७ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. नव्या भाषेत विद्यार्थी होताना जुन्या भाषेतील विद्या कमी होत नाही, हे यावरून दिसते.

समारोप

आता त्या गृहिणीकडे वळू. ती त्या दिवशी पैसे भरत नाही. एक दिवस वर्गात बसू द्यावे, अशी ती विनंती करते. तासाभरात शिक्षकच बोलत राहिले आणि विद्यार्थ्यांना दोन वाक्ये बोलण्याचीही संधी मिळाली नाही, तर तो वर्ग संभाषणाचा नव्हे, हे तिला समजेल. जेथे तिच्या चुका हसण्यावारी न नेता सुधारल्या जातील आणि दरमहा शुल्क भरता येईल, तेथे ती नाव घालील. साठवलेल्या चार हजारांपेक्षाही मोलाचा आहे तो शिकण्याचा उत्साह. चुकीच्या वर्गात तो एकदा मावळला, तर पुन्हा जागा होणे कठीण असते.

स्वाध्याय

१. साहित्याचा वर्ग आणि संभाषणाचा वर्ग यांतील फरक स्पष्ट करा.
२. पूर्ण शुल्क भरण्यापूर्वी गृहिणीने कोणते प्रश्न विचारावेत? पाच प्रश्न लिहा.
३. आपल्या परिसरातील एका भाषावर्गाची माहिती मिळवून ती दहा ओळींत लिहा.