पांढऱ्या कड्यांवरील पायवाटा

रस्त्याला कंत्राटदार लागतो, पुलाला अभियंता लागतो. पायवाटेला पाय पुरतात. पुष्कळांनी पुष्कळ वर्षे एकाच जागेवरून चालावे, तेव्हा कोठे ती पडते. म्हणून एखाद्या प्रदेशातील माणसे पूर्वी कशासाठी चालत होती व आज कशासाठी चालतात, हे तेथील पायवाटांवरून चांगले कळते. प्रस्तुत लेखात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील ‘कालांक’ ह्या कोरड्या, डोंगराळ प्रदेशातील पायवाटांचा ह्या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रदेश समजून घेऊ. मार्सेय हे फ्रान्समधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. त्याच्या पूर्वेस कासी नावाचे लहानसे बंदर आहे. ह्या दोहोंच्या मध्ये, अगदी समुद्राला चिकटून, चुनखडीचे पांढरेशुभ्र डोंगर उभे आहेत. सर्वांत उंच शिखर, माँ प्युजे, साडेपाचशे मीटरांहून थोडे अधिक उंच आहे. ही उंची कागदावर फार वाटत नाही. परंतु पायथा समुद्राच्या पाण्यातच असल्यामुळे चढणाऱ्याला त्यातली सूटही मिळत नाही. डोंगरांत समुद्राचे अरुंद, खोल फाटे शिरलेले आहेत. अशा फाट्यालाच तेथे ‘कालांक’ म्हणतात. मोर्जियू, सुजितों, आंव्हो, पोर मियू ही त्यांपैकी काहींची नावे.

हे फाटे मुळात नद्यांच्या दऱ्या होत. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि दऱ्यांची तोंडे बुडाली. ह्याचा पुरावा मोठा विलक्षण आहे. १९८५ साली आंरी कोस्केर ह्या पाणबुड्याला मोर्जियूच्या भूशिराजवळ, पाण्याखाली ३७ मीटरांवर, एका गुहेचे तोंड सापडले. तेथून लांब भुयारातून वर गेले की गुहेचा कोरडा भाग लागतो आणि त्याच्या भिंतींवर अश्मयुगीन माणसाने काढलेली घोडे, रानबैल, सील ह्यांची चित्रे आहेत. जगाला ही चित्रे १९९१ साली कळली. आज जेथे पाणबुड्यावाचून कोणी पोहोचू शकत नाही, तेथे एके काळी माणसे पायीच जात होती. म्हणजे ह्या प्रदेशातील सर्वांत जुनी पायवाट आज समुद्राच्या तळाशी आहे.

भूगोलाच्या पुस्तकात भूमध्य सागरी हवामानाचे एक प्रकरण असते. ‘उन्हाळा कोरडा, हिवाळा पावसाचा’ हे वाक्य आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण त्याचा अर्थ चालणाऱ्याच्या पायांना कळतो. आपल्याकडे उन्हाळा संपता संपता पाऊस येतो. तेथे ऐन उन्हाळ्यात, जुलै महिन्यात, जवळजवळ थेंब पडत नाही. वर्षाचा एकूण पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि तोही बव्हंशी शरद ऋतूतल्या थोड्याच दिवसांत धो धो पडून जातो. चुनखडीचा खडक भेगाळ. पडलेले पाणी तो गिळून टाकतो. वर ओढा नाही, झरा नाही, आणि पोर मियूपाशी मात्र जमिनीखालून वाहत आलेली एक नदी समुद्राच्या पाण्याखालीच समुद्रास मिळते! डोंगर तहानलेला आणि पाणी त्याच्या पोटातून निघून चाललेले. म्हणून त्या वाटांवर निघणारा आपले पाणी पाठीवर घेऊन निघतो.

पाण्याच्या जोडीला वारा आहे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून येणारा ‘मिस्त्राल’ हा कोरडा वारा कधी कधी ताशी १०० किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहतो. अशा ठिकाणी जे उगवते ते चिवटच असावयाचे. अलेप्पो पाइनची वाकलेली झाडे, काटेरी खुरटे ओक, रोझमेरी, थाइम. काही वनस्पती तर मार्सेयच्या परिसराबाहेर क्वचितच आढळतात. कड्यांवर बोनेली गरुड घरटे करतो. हा पक्षी आपल्या भारतातही आहे.

आता वाटांकडे वळू. ह्या ओसाड कड्यांवर माणसे मुळात गेली ती देखावा पाहावयास नव्हे. मेंढपाळ व शेळ्या राखणारे चाऱ्यासाठी गेले. चुन्याच्या भट्ट्या लावणारे दगड आणि सरपण ह्यांसाठी गेले. कोळी आपल्या होड्यांकडे उतरले. चोरट्या व्यापारावर नजर ठेवणारे जकातीचे पहारेकरी किनाऱ्याच्या कडेकडेने रात्रंदिवस फिरले. त्यांची वाट आजही ‘जकातवाल्यांची वाट’ म्हणूनच ओळखली जाते. पोटाने ह्या वाटा पाडल्या.

ही गोष्ट वाचताना मी थबकले. महाविद्यालयात आलेली आमच्या घरातील मी पहिलीच. आमच्या घरी चालणे म्हणजे रानात जाणे, पाण्याला जाणे, बाजाराला जाणे. काही काम नसताना, सुटीच्या दिवशी, मुद्दाम चढण चढावयास जाणे ही गोष्ट माझ्या आजीला सांगितली, तर ती माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहील! तेव्हा गरजेची वाट हौसेची वाट केव्हा झाली, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

मार्सेयच्या बाबतीत ह्याचे उत्तर बरेच निश्चित देता येते. १८९७ साली तेथे पायी सहली काढणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली. शहरात राहणारे लोक रविवारी डोंगरात जाऊ लागले. ज्या वाटेने आपण चालतो ती आपली, असे त्यांना वाटू लागले. पोर मियू येथे दगडाच्या खाणीसाठी कडे फोडण्याचे काम वाढू लागले, तेव्हा मार्च १९१० मध्ये हजारो माणसे तेथे निषेधासाठी जमली. निसर्गाच्या रक्षणासाठी फ्रान्समध्ये झालेल्या अगदी आरंभीच्या निदर्शनांत ह्याची गणना होते. चालण्याच्या हौसेतून जबाबदारी जन्मास आली, ती अशी.

पुढे १९४७ पासून फ्रान्सभर लांब पल्ल्याच्या पायवाटा आखण्यात आल्या. खडकावर, झाडावर पांढरा व त्याखाली तांबडा असे दोन पट्टे रंगविलेले असतात. ते दिसत राहिले की वाट बरोबर. त्याच दोन रंगांची फुली दिसली की मागे फिरावे. अशी एक वाट मार्सेयच्या टोकाच्या कालेलाँग वस्तीपासून कासीपर्यंत जाते. ती सुमारे २८ किलोमीटर आहे. पण चढउतार इतके की धडधाकट माणसालाही सबंध दिवस लागतो. गॅस्तों रेब्युफा हा गिर्यारोहक मार्सेयचाच. तो ह्याच कड्यांवर चढावयास शिकला आणि १९५० साली अन्नपूर्णा शिखर प्रथम सर करणाऱ्या फ्रेंच तुकडीत तो होता. समुद्रकाठच्या खडकावरून निघालेली वाट अशी हिमालयापर्यंत पोहोचली.

आजचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पूर्वी भय खाणीचे होते. आज ते चालणाऱ्यांच्याच पायांचे आहे. वाळलेले रान, राळेने भरलेले पाइन आणि मिस्त्राल वारा एकत्र आले की एक ठिणगी पुरते. जुलै २००९ मध्ये लष्करी सरावातील गोळ्यांमुळे लागलेल्या वणव्यात हजाराहून अधिक हेक्टर रान जळाले. म्हणून १ जूनपासून ३० सप्टेंबरपर्यंत वणव्याचा धोका पाहून दुसऱ्या दिवशी डोंगर खुला की बंद, हे आदल्या संध्याकाळी जाहीर होते. २०१२ साली हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. तेथे विस्तव पेटविण्यास तर नाहीच, साधे धूम्रपान करण्यासही मनाई आहे.

दुसरे संकट गर्दीचे. सुजितोंची वाट ल्युमिनी येथील विद्यापीठाच्या आवारापासून सुरू होते. म्हणजे तेथील विद्यार्थ्यांना तास संपला की समुद्र. उन्हाळ्यात तेथे एका दिवशी अडीच हजारांपर्यंत माणसे येऊ लागली. इतक्या पायांखाली माती सैल होऊन पावसाबरोबर वाहून जाते, पाइनची मुळे उघडी पडतात, नवे रोप धरतच नाही. शेवटी २०२२ पासून उन्हाळ्याच्या दिवसांत तेथे रोज ४०० माणसांनाच, तेही आधी नाव नोंदवून, प्रवेश देण्यात येऊ लागला.

ह्यावर आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. मार्सेयमध्ये पुष्कळ गरीब कुटुंबे राहतात. ज्यांना सुटीत दूर कोठे जाणे परवडत नाही, त्यांना हा डोंगर आणि हा समुद्रच सुटी. त्यांचीच वाट का अडवावी? मला वाटते, ह्याचे उत्तर त्या नियमातल्या एका बारीक गोष्टीत आहे. नावनोंदणीला पैसे पडत नाहीत. उद्यानाने तिकीट लावून गर्दी कमी केली असती, तर माती वाचली असती. पण वाट पैसेवाल्यांची झाली असती. येथे श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच वाट पाहावी लागते. अर्थात नोंदणीची माहिती प्रत्येक वस्तीत पोहोचली पाहिजे, नाहीतर हा न्याय अर्धाच राहील.

पायवाटेचा स्वभावच असा चमत्कारिक आहे. कोणी चाललेच नाही तर ती रानात बुजून जाते आणि सगळेच एकदम चालले तर ती वाहून जाते. मेंढपाळाला हा हिशेब शिकवावा लागला नाही. चारा संपत आला की तो कळप दुसरीकडे नेई. आपण हौसेने चालणारे लोक त्याच्याच वाटेवरून चालतो. तेव्हा त्याची वाट घेतली तशी त्याची रीतही घ्यावी, आणि उद्या येणाऱ्याच्या पायांसाठी थोडी माती शिल्लक ठेवावी.