हातचा सोडून पळत्याच्या पाठी

पिट्सबर्गला राहायला आल्यावर क्रिकेटची तहान मी बेसबॉलवर भागवू लागले. इथला संघ पायरेट्स. १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं या संघाचे विजय कमी आणि पराभव जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब साडेसाती दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेली नाही. तीतून संघाला बाहेर काढलं ते सेंटर फील्डर अँड्र्यू मॅककचनने. १५ जानेवारी २०१८ रोजी क्लबने त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊन टाकलं. बदल्यात आले दोन तरुण : काइल क्रिक नावाचा पिचर (बेसबॉलमधला गोलंदाज) आणि ब्रायन रेनल्ड्स नावाचा, मोठ्या लीगमध्ये एकही सामना न खेळलेला पोरगा. गाव खवळलं. तेव्हा आणि पुढे जे पाहिलं-ऐकलं, त्यातून सुचलेल्या या गोष्टी.

१. व्यवस्थापन ‘भविष्य’ म्हणतं, तेव्हा प्रेक्षकाला ‘बचत’ ऐकू येतं. आणि त्याचे कान चांगले असतात. मॅककचनला त्या मोसमाचे सुमारे दीड कोटी डॉलर द्यायचे होते, आणि मोसम संपला की तो मोकळा. नवोदित मात्र मोठ्या लीगमध्ये आल्यावर साधारण सहा वर्षं क्लबला बांधलेला असतो, त्यातली पहिली तीनेक वर्षं तर किमान पगाराच्या आसपास खेळतो. २०१८ मध्ये तो किमान पगार होता ५ लाख ४५ हजार डॉलर. त्यात दोनच दिवस आधी गेरिट कोल हा पहिल्या फळीचा पिचरही ह्यूस्टनला गेला होता. मालकाने संघ विकावा, अशा अर्जावर हजारोंनी सह्या केल्या. मालकाने काही विकला नाही. लोकांनी मग खिशातून उत्तर दिलं : २०१७ मध्ये सुमारे १९ लाख प्रेक्षक आले होते, पुढच्या वर्षी ते १५ लाखांच्याही खाली आले.

२. जुन्या खेळाडूची किंमत आकड्यांत काढणाऱ्याशी वाद घालू नये. मॅककचन एकतीस वर्षांचा झाला होता, उताराला लागला होता. हे दिसत सगळ्यांनाच होतं. पण इथल्या माणसाला विचारा, १ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री तू कुठे होतास? एकवीस वर्षांनी गावात बादफेरीचा सामना होता, सिनसिनाटीविरुद्ध. अख्खं स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं. प्रतिस्पर्धी पिचर क्वेटोच्या नावाचा लोकांनी एका सुरात असा काही पुकारा लावला, की त्याच्या हातून चेंडूच गळून पडला. पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन ठोकला. सामना जिंकला, आणि मॅककचन त्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. ती रात्र ज्याने दिली, त्याच्या बदल्यात ज्याचं नावही ऐकलं नाही असा पोरगा घ्यायचा, हे पटणार कसं?

३. मात्र हाच मॅककचन आला कसा, तेही विसरू नये. ३ जून २००९ ला क्लबने नेट मॅकलाउथ या लाडक्या सेंटर फील्डरला अटलांटाला धाडलं. तो आदल्याच वर्षी ऑलस्टार झाला होता. लोकांनी तेव्हाही शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या जागेवर उभा राहिला एक बावीस वर्षांचा मुलगा. अँड्र्यू मॅककचन.

४. बहुतेक नवोदित कुठेच पोचत नाहीत. टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना २००८ मध्ये करारबद्ध केलं होतं ते याच पायरेट्सने. त्यांच्यावर हॉलिवूडने सिनेमा काढला, पण मोठ्या लीगचं मैदान दोघांनाही मिळालं नाही. आम्हा भारतीयांना याचं वाईट वाटलं. बेसबॉलवाल्यांना त्यात नवल वाटलं नाही.

५. प्रेक्षकांची मागणी पुरी झाली तर काय होतं, तेही मॅककचन गेला त्याच वर्षी दिसलं. ‘पोरं द्या, पण नाव असलेला माणूस आणा,’ असं लोक म्हणत होते. ३१ जुलै २०१८ ला क्लबने टॅम्पा बेच्या क्रिस आर्चर या पिचरला आणलं. कधी नव्हे ते मालकाचं कौतुक झालं. बदल्यात दिलेला ऑस्टिन मेडोज पुढच्याच वर्षी ऑलस्टार झाला, टायलर ग्लासनाव पहिल्या फळीचा पिचर बनला, आणि मागाहून दिलेला शेन बॅझही मोठ्या लीगमध्ये पोचला. आर्चरला इथे सूरच सापडला नाही. नंतर शस्त्रक्रियेत एक मोसम गेला. आज या सौद्याचं नाव काढलं की मॅककचनवरून भांडणारे दोन्ही पक्ष एक होतात.

६. जर्सी घ्यायची तर रॉबर्टो क्लेमेंटेची, २१ नंबरची. तो अठराही मोसम इथेच खेळला आणि १९७२ च्या अखेरच्या दिवशी भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान अपघातात गेला. त्याला आता कोणी विकू शकत नाही.

७. राग ऑफिसवर काढावा, मैदानावर नाही. मे २०१८ मध्ये मॅककचन जायंट्सच्या कपड्यांत इथे आला, तेव्हा सगळे उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिक पंड्याची हुर्यो ऐकली, तेव्हा मला हे आठवलं. तीही मूळ त्याला मुंबईचा कप्तान करणाऱ्यांच्या निर्णयाचीच चीड होती.

८. निकाल लागायला वेळ लागतो. रेनल्ड्स २०२१ मध्ये ऑलस्टार झाला. २०२२ च्या हिवाळ्यात मलाच दुसरीकडे पाठवा म्हणाला, आणि काही महिन्यांत आठ वर्षांचा, दहा कोटी डॉलरहून मोठा करार करून इथेच राहिला. २०२३ मध्येच मॅककचनही परत आला, आणि ज्यांची अदलाबदल झाली ते दोघे एकाच संघात खेळले. आता गावाचा लाडका आहे पिचर पॉल स्कीन्स. मे २०२४ मध्ये आला, २०२५ चा सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन बसला. २०२९ च्या मोसमानंतर तो मोकळा होणार. माझ्या शेजारच्या खुर्चीत नेहमी बसणारे आजोबा आत्ताच बोटं मोजतात : ‘२०२८ च्या हिवाळ्यात विकतील.’ मला वाटतं, त्याच्याही आधी.