आजारी तान्हुल्याची घरगुती शुश्रूषा : एक पाठ

पावसाळा लागला की खेड्यातील शाळांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढू लागतात. आईबाप रोवणीला गेलेले असतात, धाकटे भावंड तापाने फणफणत असते आणि चौथीतील मुलगी पाळण्याजवळ बसलेली असते. त्या घटकेला घरातील एकमेव परिचारिका तीच होय. म्हणून तान्ह्या मुलाच्या शुश्रूषेचे मूलभूत ज्ञान शाळेतून घरोघर पोचविणे हे आपल्या कर्तव्यात मोडते. नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्या मातेला वैद्य हाकेच्या अंतरावर मिळतो. देवलापारकडील वाडीतल्या मातेला पुराचा ओढा ओलांडावा लागतो. धोका मात्र दोघींच्या बाळांना सारखाच. जेथे अंतर अधिक, तेथे तो लवकर ओळखणे अधिक अगत्याचे.

हे काम साध्यासुध्या माणसांना साधते, याचे प्रमाण आपल्या विदर्भातच आहे. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेमार्फत कार्य आरंभिले. फुफ्फुसदाह झालेल्या बाळाचा श्वास जलद होतो. परंतु पन्नास-साठपर्यंत अंक मोजता न येणाऱ्या सुइणीने तो मोजावा कसा? यासाठी आपल्या शाळेतील मणिचौकटीसारखेच एक साधन करण्यात आले. एक मिनिटाची वाळूची घडी उलटावी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवावा. मिनिट संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळ आजारी समजावे. पुढे ३९ गावांतील निवडक स्त्रियांना नवजात बाळांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण देण्यात आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही पद्धती देशभर स्वीकारण्यात आली.

आता मुख्य पाठाकडे वळू.

(१) श्वास. बाळ शांत असताना त्याचे पोट उघडे करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. रडताना मोजलेला आकडा धरू नये. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरल्यास तो जलद समजावा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला लोक 'पसली उडणे' म्हणतात, तर क्षणाचाही विलंब नको.

(२) जुलाब. जुलाबाने मूल दगावते ते मुख्यत्वे शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. आतड्यात साखरेच्या आधाराने मीठ आत शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणी जाते. जलसंजीवनीचे मर्म हेच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी शिरेतील सलाइन अपुरे पडले असता हेच पाणी पाजून असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. जलसंजीवनीची एक पुडी संपूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवावी व ते पाणी २४ तासांच्या आत वापरावे. पुडी नसल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचे प्रमाण वाढू देऊ नये. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलास पाव ते अर्धा कप पाणी चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश पाजावे. जस्ताच्या गोळ्या आशाताई सांगेल त्या प्रमाणात चौदा दिवस द्याव्यात. जुलाब थांबले म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

(३) ताप. अंगावर गोधड्या लादू नयेत. कपडे सैल व हलके असावेत. औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते, म्हणून ती आरोग्यसेविकेस वा डॉक्टरांस विचारूनच द्यावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे अंग तापले किंवा गार पडले, तर घरी वाट न पाहता त्यास रुग्णालयात न्यावे.

(४) आहार. 'आजारात दूध बंद' ही समजूत घातक आहे. अंगावरचे दूध नेहमीपेक्षा अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांवरील मुलास मऊ भात-वरण थोडे थोडे भरवावे. एक वर्षाच्या आत मध चाटवू नये. पोटावर डाग वा बिब्बा देणे म्हणजे आजारावर जखमेची भर घालणे होय.

(५) धोक्याच्या खुणा. दूध वा पाणी पिता न येणे, घेतलेले सर्व ओकून टाकणे, झटके येणे, हाक मारूनही डोळे न उघडणे, शौचात रक्त पडणे. यांपैकी एकही खूण दिसताच घरगुती उपचार आवरते घ्यावेत आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

पाठ घेताना विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात व घड्याळ लावून त्यांस एकमेकांचे श्वास मोजावयास सांगावे. गणित व विज्ञान दोन्ही त्यात येतात. फळ्यावर धोक्याच्या पाच खुणा लिहून त्या घरी सांगण्यास द्याव्यात. येथे एक विवेक पाळावा : औषध देण्याचा भार बालकांवर टाकू नये. खूण ओळखणे आणि मोठ्या माणसास धावत जाऊन सांगणे, एवढेच त्यांचे काम. पालकसभेत आशाताईंना बोलावून जलसंजीवनी सर्वांसमक्ष तयार करून दाखवावी. डोळ्यांनी पाहिलेले मातेच्या ध्यानी राहते.

हा पाठ रोवणी सुरू होण्यापूर्वी प्रत्येक शाळेत व्हावा. आणि एखादी मुलगी दोन दिवस गैरहजर दिसली, तर हजेरीपटावर खूण करून न थांबता तिच्या घरी निरोप धाडावा व बाळ कसे आहे, दूध पिते का, एवढे अवश्य विचारावे.