सुरांचे जतन

भजनाच्या किंवा कीर्तनाच्या वेळी साथीला असणारी पेटी महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहे. भात्याने हवा आत घेतली जाते; पट्टी दाबली की ती हवा एका लहानशा पितळी पत्तीवरून वाहते, पत्ती कंप पावते आणि सूर उमटतो. पूर्वी मराठी संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असे, त्याचा भाता पायांनी चालवीत. तथापि त्याच्याही पोटात अशाच पत्त्या असत. युरोपातील जुन्या चर्चमध्ये मात्र याहून कितीतरी प्रचंड असे वाद्य पाहावयास मिळते. त्याचे सूर उभ्या नळ्यांतून निघतात. अशा नळ्या एकाच वाद्यात शेकडो, क्वचित हजारोही असतात. हाच नळ्यांचा ऑर्गन होय.

हे वाद्य फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील क्टेसिबिअस नावाच्या कल्पक यंत्रज्ञाने पाण्याच्या दाबाने हवा खेळवून नळ्या वाजविण्याची युक्ती काढली. पुढे पाण्याची जागा भात्यांनी घेतली आणि आता विजेचे पंखे ते काम करतात. बासरीवादक एकाच बासरीवर बोटे फिरवून अनेक सूर काढतो; ऑर्गनच्या नळीला मात्र एकच सूर ठाऊक असतो. म्हणूनच जितके सूर, तितक्या नळ्या लागतात. नळी जितकी लांब, तितका सूर खर्जाचा. काही ऑर्गनांतील सर्वांत मोठी नळी बत्तीस फूट, म्हणजे सुमारे दहा मीटर लांब असते, तर सर्वांत लहान नळी एखाद्या पेन्सिलीहूनही लहान असते. शिवाय एकाच प्रकारच्या आवाजाच्या नळ्यांचा एकेक संच असतो. वादकापुढील खुंटी ओढली म्हणजे तो संच बोलू लागतो. कोणता संच बासरीसारखा मृदू, तर कोणता तुतारीसारखा खणखणीत असतो.

कोणत्याही दोन जुन्या ऑर्गनांचा आवाज सारखा नसतो. नळ्यांसाठी कथिल आणि शिसे किती प्रमाणात मिसळले, लाकूड कोणते घेतले, नळीचे मुख कारागिराने किती उघडे ठेवले, या सर्वांचा परिणाम सुरावर होतो. त्यातही मोठा वाटा असतो तो वास्तूचा. उंच दगडी छताखाली वाजलेला सूर पट्टी सोडल्यानंतरही काही सेकंद घुमत राहतो. वाद्य आणि वास्तू यांची ही जोडी फुटली, तर तो आवाज पुन्हा ऐकू येत नाही.

अशी जोडी फुटण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. जर्मनीतील ड्रेस्डेन शहराच्या फ्राउएनकिर्शे या चर्चमध्ये गॉटफ्रीड झिल्बरमान या विख्यात कारागिराने १७३६ मध्ये ऑर्गन उभारला होता. त्याच वर्षी थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख याने तो वाजविला. फेब्रुवारी १९४५ मधील बाँबवर्षावात ते चर्च कोसळले आणि ऑर्गनही नष्ट झाला. चर्च पुन्हा बांधले गेले, २००५ मध्ये तेथे नवा ऑर्गनही बसला. परंतु जुना आवाज परतला नाही. फ्रान्समधील नाँत शहराच्या कॅथीड्रलमध्ये सतराव्या शतकापासून असलेला ऑर्गन १९७२ च्या आगीतून वाचला होता. १८ जुलै २०२० रोजी तेथे पुन्हा आग लागली आणि या वेळी तो जळून गेला. शतकानुशतके जपलेले धन एका सकाळीत राख झाले.

मग असे आवाज जपून ठेवावयाचे कसे? चालू शतकात संगणकाने या प्रश्नाला एक उत्तर दिले. ऑर्गनच्या प्रत्येक नळीचा आवाज स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावयाचा, तो संगणकात साठवावयाचा आणि पट्ट्यांच्या फळीला जोडावयाचा; म्हणजे पट्टी दाबताच मूळ नळीचाच आवाज ऐकू येतो. २००२ मध्ये इंग्लंडमधील मार्टिन डाइड यांनी ‘हाउप्टवेर्क’ हे सॉफ्टवेअर तयार केले, ते याच कामासाठी. त्यानंतर ‘ग्रांडऑर्ग’ नावाचे विनामूल्य सॉफ्टवेअरही उपलब्ध झाले.

हे काम वाचावयास सोपे असले, तरी करावयास अत्यंत चिकाटीचे आहे. दिवसा रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट असतो, म्हणून ध्वनिमुद्रण बहुधा रात्री करतात. चर्चमध्ये ठिकठिकाणी ध्वनिग्राहक उभे केले जातात. मग एकेक पट्टी दाबून प्रत्येक नळी कित्येक सेकंद वाजवावयाची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत सर्वांनी निश्चल राहावयाचे. पट्टी झटकन सोडली तर वास्तूतील घुमारा एक प्रकारचा असतो, उशिरा सोडली तर निराळा. म्हणून प्रत्येक सूर आखूड, मध्यम आणि लांब असा तीन वेळा घेतात. एखाद्या ऑर्गनला ५६ पट्ट्या आणि नळ्यांचे २० संच असले, तर ११२० सूर होतात; ते तीन-तीन वेळा घेतले की ३३६० ध्वनिमुद्रणे झाली! हवा तापली की नळ्यांचा सूर चढतो, म्हणून तपमानाकडेही लक्ष ठेवावे लागते.

यानंतर संगणकापुढील काम सुरू होते. हवेच्या पंख्याची घरघर प्रत्येक ध्वनिमुद्रणातून काळजीपूर्वक काढून टाकतात. मग प्रत्येक सुराचे तीन भाग पाडतात. नळी बोलू लागतानाची पहिली फुंकर हा आरंभ. स्थिर चालणारा सूर हा मध्य. आणि विरत जाणारा घुमारा हा शेवट. वादकाने पट्टी कितीही वेळ दाबून ठेवली, तरी मधला भाग पुन्हा पुन्हा जोडून सूर अखंड चालू ठेवता येतो. सांधा मात्र कानाला कळता कामा नये; त्यातच कारागिराचे खरे कौशल्य आहे.

फ्रान्समधील काँ या शहराचे उदाहरण या दृष्टीने मनोवेधक आहे. तेथील सेंत-एतिएन या मठमंदिरात आरिस्तीद कावाये-कोल या प्रसिद्ध कारागिराने १८८५ मध्ये ५० संचांचा ऑर्गन उभारला. १९४४ मध्ये दुसऱ्या महायुद्धात काँ शहराची फार मोठी हानी झाली. त्या दिवसांत हजारो नागरिकांनी याच मठाच्या आश्रयाने दिवस काढले. मठ वाचला, माणसे वाचली आणि ऑर्गनही वाचला. पुढे प्राग येथील ‘सोनुस पारादिसी’ या संस्थेने त्याच्या नळ्यांचे ध्वनिमुद्रण केले. आज दूर देशीचा विद्यार्थीही आपल्या खोलीत बसून त्या वाद्याच्या सुरांवर सराव करू शकतो.

तरीही ध्वनिमुद्रण म्हणजे प्रत्यक्ष वाद्य नव्हे. ध्वनिक्षेपकातून आवाज येतो. परंतु उंच नळीतील हवेच्या थरथरीने पायांखालची फरशी कंप पावते, तो अनुभव घरच्या खोलीत सहसा येत नाही. एखादी जुनी नळी किंचित बेसूर झालेली असेल, तर तो दोष तसाच ठेवावा की संगणकावर सुधारावा, हाही विचार करावा लागतो. कारण सर्वच दोष काढले तर त्या वाद्याचे वय आणि स्वभावही पुसले जातात. शिवाय केवळ आवाज साठवून नवी नळी घडविता येत नाही. त्यासाठी नळ्यांची मापे आणि धातूंचे प्रमाण यांची नोंद हवी, आणि कारागिरांचे हातही हवेत.

पॅरिसमधील नोत्र-दाम कॅथीड्रलने हीच गोष्ट दाखवून दिली. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत तेथील मोठा ऑर्गन जळाला नाही, परंतु त्यावर शिशाची विषारी धूळ बसली. कारागिरांनी त्याच्या सुमारे आठ हजार नळ्या उतरविल्या, स्वच्छ केल्या, पुन्हा बसविल्या आणि एकेक नळी सुरात आणली. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथीड्रल पुन्हा उघडले, तेव्हा तो ऑर्गन पुन्हा बोलू लागला. जे वाद्य उभे आहे, त्याची निगा राखणे हे पहिले कर्तव्य. त्याचा आवाज वेळीच साठवून ठेवणे हे दुसरे. पहिले कर्तव्य करूनही कधी संकट ओढवतेच. अशा वेळी दुसरे कर्तव्य उपयोगी पडते, आणि पुढच्या पिढीच्या कानांवर निदान तो सूर तरी पडतो.

स्वाध्याय

१. पेटी आणि नळ्यांचा ऑर्गन यांत सूर उमटण्याच्या पद्धतीत कोणता फरक आहे?
२. एकच सूर तीन वेळा ध्वनिमुद्रित का करावा लागतो?
३. ‘वाद्य आणि वास्तू यांची जोडी’ या शब्दांचा अर्थ उदाहरण देऊन स्पष्ट करा.
४. जुन्या वाद्याचा दोष संगणकावर सुधारावा की तसाच ठेवावा? आपले मत सकारण लिहा.