फ्यूज का उडाला? एका जळालेल्या अँप्लिफायरचा धडा



शहरातल्या एका मंडळीने सातपुड्यातील आमच्या वसतिगृहाला बास गिटारचा जुना अँप्लिफायर भेट दिला होता. बारा इंची स्पीकर, जाड लाकडी पेटी आणि आत ट्रान्झिस्टरचे सर्किट. दोन वर्षे तो उत्तम चालला. मग नाताळच्या उपासनेच्या आदल्या संध्याकाळी तो अचानक बंद पडला. पाहिले तर फ्यूज उडालेला. दुकान तीस किलोमीटर दूर. मी बिस्किटाच्या पुड्यातला चांदीचा कागद फ्यूजला गुंडाळला आणि बटण दाबले. पेटीतून मोठी घरघर आली. शेजारी उभा असलेला नववीतला मुलगा म्हणाला, "सर, मागून वास येतोय." मी म्हणालो, "थांब जरा, आवाज येऊ दे." आवाज आला नाही, धूर आला. ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

पुढे तालुक्याच्या मेकॅनिकने उघडून दाखवले. मूळ बिघाड होता ब्रिज रेक्टिफायरमध्ये, म्हणजे ट्रान्सफॉर्मरमधून येणाऱ्या एसीचा डीसी करणाऱ्या छोट्या भागात. तो वीस-पंचवीस रुपयांना मिळतो. फ्यूजने आपले काम चोख केले होते, मीच त्याचे तोंड बंद केले. या चुकीतून जे शिकलो ते आपल्या इतर वसतिगृहांना व मंडळ्यांना उपयोगी पडावे, म्हणून हा धडा लिहीत आहे.

आधी सुरक्षितता

पेटी उघडण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. 100 ओहम, 10 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी काही सेकंद लावा आणि मल्टिमीटरवर शून्य दिसते का ते बघा. आतले काम इलेक्ट्रिशियनने किंवा आयटीआय झालेल्या जाणत्या माणसानेच करावे. मुलांनी बघावे, प्रश्न विचारावेत, पण हात आत घालू नये.

घरघर कमी व्हावी म्हणून काही जण प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकतात. असे कधीही करू नका. गिटारच्या तारा अँप्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. हात तारांवर, ओठ माइकवर आणि अर्थिंग नाही, अशा वेळी गाणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

तपासणीचा क्रम

1. बाहेरून सुरुवात करा. दुसरी वायर आणि दुसरी गिटार लावून बघा. निम्मे "बिघाड" वायरीतच सापडतात.

2. दिवा लागतो पण आवाज नाही, असे असेल तर मागे "सेंड" आणि "रिटर्न" अशी छिद्रे आहेत का पाहा. एक छोटी वायर दोन्हींमध्ये लावा. आवाज आला तर रिटर्नच्या आतला स्विच धुळीने खराब झाला आहे. हेडफोनच्या छिद्राचेही असेच होते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आतबाहेर करा. बटणे फिरवताना खरखर येत असेल तर तिथेही हेच औषध.

3. स्पीकर सोडवून मल्टिमीटरने मोजा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच जोड दिसत नसेल तर कॉइल तुटली आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावल्यावर "खट्" आवाज आला तर कॉइल शाबूत आहे.

4. फ्यूज उडाला असेल तर काच बघा. आत काळे किंवा चंदेरी झाले असेल तर बहुधा मोठा शॉर्ट आहे. नवा फ्यूज तेवढ्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा हवा.

5. नवा फ्यूज लावल्यावर थेट 230 व्होल्ट देऊ नका. सिरीज बोर्ड वापरा, म्हणजे फेजच्या वायरीत 60 ते 100 वॅटचा जुना, तारेचा दिवा. एलईडी दिवा इथे चालत नाही. स्पीकर सोडवलेला ठेवा. दिवा क्षणभर चमकून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे.

6. शॉर्ट असेल तर प्लग काढून, कपॅसिटर रिकामे करून ट्रान्सफॉर्मरच्या बाहेर जाणाऱ्या वायरी सोडवा, त्यांची टोके वेगवेगळी झाका आणि पुन्हा बघा. दिवा विझला तर ट्रान्सफॉर्मर चांगला आहे, दोष पुढे आहे. रेक्टिफायर तपासा. मग हीटसिंकवरचे मोठे ट्रान्झिस्टर किंवा आयसी. कलेक्टर आणि एमिटर यांच्यात मीटर दोन्ही दिशांनी शून्य दाखवत असेल तर तो ट्रान्झिस्टर गेला. बदलताना जोडी बदला, शेजारचे रेझिस्टर मोजा आणि अभ्रकाची चकती पुन्हा बसवायला विसरू नका.

7. सर्व ठीक वाटले तरी स्पीकर जोडण्याआधी त्याच्या टोकांवर डीसी व्होल्ट मोजा. ते जवळजवळ शून्य हवे. तिथे काही व्होल्ट असतील तर स्पीकर जळेल.

दुरुस्त होत नसेल तर?

टाकून देऊ नका. पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान 6:12). विपुलता देणाऱ्यानेही तुकड्यांचा हिशेब ठेवला.

पुढचा टोनचा भाग मेला असेल आणि शक्तीचा भाग जिवंत असेल, तर मिक्सर किंवा कीबोर्ड "रिटर्न"मध्ये जोडा. तो सरळ सभेचा स्पीकर झाला. सर्किट पूर्ण गेले असेल आणि स्पीकर-पेटी चांगली असेल, तर दुसऱ्या अँप्लिफायरला जोडता येते. फक्त ओहमचा हिशेब करा. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की 4 ओहम होतात. तेवढे त्या अँप्लिफायरला चालते का, हे त्याच्या मागे लिहिलेले असते.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. जळालेले सर्किट काढले आणि पेटीत 12 व्होल्टवर चालणारा छोटा क्लास-डी बोर्ड बसवला. 12 व्होल्टवर 8 ओहमच्या स्पीकरला साधारण 8-9 वॅट मिळतात. ऐकायला कमी वाटते, पण अंगणातल्या सभेला पुरते. 7 अँपिअर-तासाची बॅटरी घेतली. ती अर्धीच वापरायची असे ठरवले, तरी बोलण्याच्या कार्यक्रमाला तीन-चार तास सहज निघतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. अशा बहुतेक बोर्डांत स्पीकरची कोणतीही वायर सांगाड्याला किंवा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडायची नसते. आणि बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. माइक थेट जोडला तर आवाज फार बारीक येतो, मध्ये बॅटरीवरचा छोटा मिक्सर लागतो.

बासच्या स्पीकरमधून झांजेचा किणकिणाट नीट येत नाही, पण माणसाचा आवाज भरदार येतो. आता ही पेटी जीपमधून पाड्यांवर जाते. जिथे वीज दिवसदिवस नसते तिथे तिच्यावरून पावरीत भजने होतात आणि सिकलसेल तपासणीची माहितीही सांगितली जाते. बोर्डाच्या वायरी कुठे लावायच्या याची आकृती त्याच मुलाने काढली. बॅटरीजवळचा फ्यूज मी विसरलो होतो, तोही त्यानेच दाखवला. या वेळी मी ऐकले.

आपल्या सेवेसाठी

दिवाळीनंतर काही मुले वसतिगृहात परतत नाहीत. पूर्वी आम्ही पालकांना दटावत असू, नाव कमी करण्याची धमकी देत असू. तोही चांदीचाच कागद होता. घरी गेल्यावर कळते की आईवडील ऊसतोडीला गुजरातेत गेले आहेत आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नाही. मुलाचे न येणे हा उडालेला फ्यूज आहे. दोष दुसरीकडे आहे आणि तो शोधायला पाड्यावर चालत जावे लागते. गेल्या वर्षी एका मुलीच्या धाकट्या भावालाही आम्ही वसतिगृहात घेतले. ती परत आली.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत किंवा वसतिगृहात कोणता "फ्यूज" वारंवार उडतो? कारण शोधले आहे का?

2. "वास येतोय" असे सांगणारे आपल्यात कोण आहे? आपण त्याचे ऐकतो का?

3. अडगळीत पडलेली कोणती वस्तू पाड्यावर उपयोगी पडेल?

आणि एक विनंती. आपल्याकडे बंद पडलेला अँप्लिफायर असेल तर जरूर पाठवा, पण "बंद आहे" अशी चिठ्ठी लावून पाठवा. खरे सांगून दिलेली मोडकी वस्तूही आमच्या मुलांना शिकवते.