बोक्याची फजिती, चार चौकटींत

बोक्याचे तोंड दुधाच्या गंजात अडकले, सारे घर हसले. हीच फजिती मुलांकडून वहीच्या पानावर चार चौकटींत काढून घ्या.

१. गंजात अडकलेला बोका.
२. सोडवताना ताईच्या हातावर ओरखडा.
३. नळाखाली साबणाने १५ मिनिटे हात धुणे. हळद, चुना, तिखट नाही.
४. त्याच दिवशी दवाखान्यात लस.

रेबीजची लक्षणे दिसल्यावर रोगी सहसा वाचत नाही. वेळेवर घेतलेली लस वाचवते. अमरावतीला इर्विन, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात ती मोफत मिळते. पुढच्या डोसच्या तारखा चौथ्या चौकटीखाली लिहा, एकही चुकवू नका.

रागावतील म्हणून मुले ओरखडा लपवतात. चित्र भिंतीवर लावा. पुढच्या वेळी मूल स्वतःहून सांगेल.